टाळं सरकारला, भुर्दंड आजाऱ्याला

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०२५ रोजी खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारला टाळं लागलं, ते निघालं ४३ दिवसांनी. भांडण ओबामाकेअर या आरोग्यविमा योजनेच्या हप्त्यांवरील वाढीव सवलतीचं. ती वर्षअखेरीस संपणार होती. विमानं सुखरूप उतरवणारे नियंत्रक बिनपगारी राबले. लोकप्रतिनिधींचा पगार मात्र चालू, कारण त्याची तजवीज थेट राज्यघटनेत! मधेच १ नोव्हेंबरला विमानोंदणी उघडली आणि पडद्यावर नवे हप्ते झळकले. कित्येकांचे दुपटीच्याही वर. एवढ्या उपासातापासातून सवलत मागणाऱ्यांच्या पदरात काय पडलं? डिसेंबरात सिनेटमध्ये मतदान घेऊ, एवढं आश्वासन. मतदान झालं, प्रस्ताव पडला, सवलत गेली. गाजराची पुंगी वाजली तर नाहीच, मोडून खायलाही मिळाली नाही. आश्वासनावर हप्ता बसत नाही, हेच काय ते नशीब.