आधी बातमी, मग बलून

लोणारला हॉट एअर बलूनचा महोत्सव भरवायचा झालाच, तर आधी काय लागेल? ‘बलून’ असं उत्तर देणाऱ्याला कुठल्याही समितीवर घेऊ नये. आधी लागते प्रसिद्धी समिती. बलून भाड्याने मिळतात, पायलट बाहेरून बोलावता येतात, वारा तर फुकटच असतो. बातमीचं मात्र नियोजन करावं लागतं. म्हणून असा महोत्सव कुणी जाहीर करण्याची वाट न पाहता आम्ही त्याच्या प्रसिद्धीचा आराखडा तयार करून ठेवला आहे. उद्या अचानक निधी आलाच, तर मार्चअखेरीला धावपळ नको.

आराखड्याची सुरुवात प्रथेप्रमाणे ‘प्रकल्पाची गरज’ या मथळ्याने होते. लोणारचा जिल्हा बुलढाणा, आणि खुद्द बुलढाणा शहराला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. गाडी आली नाही, पण तिची बातमी दर निवडणुकीला अगदी वेळेवर येते. अशा जिल्ह्याला बलून हेच योग्य वाहन. त्याला रूळ लागत नाहीत, धावपट्टी लागत नाही आणि कुठे पोहोचणार ते आधी सांगावं लागत नाही. हा तिसरा गुण प्रशासनाला विशेष भावेल.

दुसरा मथळा ‘पूर्वानुभव’. प्रसिद्धीच्या बाबतीत जिल्हा नवखा नाही. पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी, असं एक अभ्यास सांगतो, एक अशनी थेट वरून आला आणि लोणारच्या काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर करून गेला. इतक्या मोठ्या पाहुण्याच्या आगमनाची प्रेस नोट कुणी काढली नाही. परिणामी सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली नोंद करेपर्यंत युरोपला पत्ता नव्हता, आणि पुढेही दीडेकशे वर्षं हे ज्वालामुखीचं काम की अशनीचं, यावर वाद चालला. प्रेस नोट नसली की श्रेय असं भलत्यालाच जातं.

पुढची मोठी बातमी २०२० च्या जूनमधली. टाळेबंदीत सगळे घरात बसलेले असताना लोणारचं पाणी गुलाबी झालं. नासाने उपग्रहाची छायाचित्रं दिली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं सांगितलं. त्या सूक्ष्मजीवांनी एक रुपया जाहिरातखर्च न करता जिल्हा जगभर नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर यादीत स्थान मिळालं, ती बातमी मात्र आतल्या पानावर बसली. पाणी गुलाबी झालं तर पहिलं पान, पाणी वाचवायचं ठरलं तर सातवं.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस गळायला लागले. आयसीएमआरचं पथक आलं आणि कॅमेऱ्यांनी एकेका डोक्याचे इतक्या जवळून शॉट घेतले की गावातल्या मुलींनी घराबाहेर पडताना ओढणी डोक्यावर घ्यावी. शिवाय दर अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी आहेच. अठरा धान्यं, मातीची ढेकळं, पाण्याची घागर, तिच्यावर पापड-कुरडई. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं भाकीत ऐकायला वाहिन्यांच्या गाड्या हजर. हवामान खात्याचा अंदाज फोनवर फुकट येतो, म्हणून त्याच्या दारात कुणी पहाटे उभं राहत नाही.

यावरून आराखड्याचं मूळ सूत्र निघतं. या जिल्ह्यात काही विचित्र घडलं तर बातमी, रोजचं घडलं तर निवेदन. बलून पुरेसा विचित्र आहे.

आता तारीख. उन्हाळा बाद. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम असली तरच बलून उचलला जातो, आणि मे महिन्यात विदर्भाची बाहेरची हवाच बर्नरशी स्पर्धा करते. पावसाळा तर सवालच नाही. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन. राज्यातले पत्रकार, मंत्री आणि हुरडा तिकडे. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव, त्या दिवशी जिल्ह्यात दुसरी बातमी टिकत नाही. फेब्रुवारीत शेगावचा प्रगटदिन. उरतात ते दिवस आचारसंहितेत नसतील तर आपले.

तारखेपेक्षा वेळ अवघड. बलून उडतो सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोनेक तासांत, किंवा मग मावळतीच्या आधी. ऊन चढलं की जमीन तापते, हवेचे झोत वर उठतात आणि शहाणा पायलट टोपलीतून उतरून चहा प्यायला जातो. म्हणजे उद्घाटन सकाळी सातला. आता ज्या राज्यात कार्यक्रमाचं निमंत्रण ‘अकरा वाजता (वेळेवर उपस्थित राहावे)’ असं छापतात आणि पाहुणे साडेबाराला येतात, तिथे सूर्याने किती थांबावं? समितीने यावर तोडगा काढला आहे. उड्डाण सातला, उद्घाटन साडेबाराला. मधल्या साडेपाच तासांत सत्कार. पाहुणे आल्यावर बलून फुगवून, जाड दोराने जीपला बांधून, पन्नासेक फूट वर नेऊन खाली आणावा. वारा साथ देत नसेल तर तेवढंही नको, नुसता फुगवावा. फोटो कापताना दोर आणि जीप चौकटीबाहेर राहतील याची जबाबदारी छायाचित्रकारांच्या उपसमितीकडे.

वजनाचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून आकड्यात मांडतो. एक घनमीटर गरम हवा जेमतेम पाव किलो वजन उचलते. नव्वद किलोच्या प्रमुख पाहुण्याला उचलायला साडेतीनशे घनमीटरहून जास्त हवा लागते, आणि हे झालं एकट्याचं. पाहुण्यांसोबत अंगरक्षक, स्वीय सहायक, तालुकाध्यक्ष, माजी तालुकाध्यक्ष आणि ‘मी कायम साहेबांसोबतच असतो’ म्हणणारे दोन तरुण येणार. यातल्या कुणालाही खाली ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी होते. शिवाय घाटावरचे किती आणि घाटाखालचे किती, हा समतोल टोपलीतही पाळावा लागेल. टोपली एका बाजूला कलली तर ‘जिल्ह्याच्या विकासाचा असमतोल’ हा अग्रलेख तयारच असतो.

परवानग्यांचं कलम प्रसिद्धीच्या आराखड्यात का, असं कुणी विचारेल. कारण परवानगी मिळेपर्यंत दर महिन्याला एक बातमी मिळते. विवरात अभयारण्य आहे, तेव्हा वनविभाग. काठावरची मंदिरं जुनी आहेत, तेव्हा पुरातत्त्व खातं. बलूनला आभाळ लागतं, तेव्हा दिल्लीचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. रामसर पाणथळीवर आग ओकणारी टोपली फिरवायची, तेव्हा पर्यावरणवाले न्यायालयात जाणार. ‘प्रस्ताव सादर’, ‘प्रस्ताव सकारात्मक’, ‘त्रुटी दूर’, ‘फेरप्रस्ताव’, ‘लवकरच मुहूर्त’: बलून जमिनीवर असतानाच वर्षभराची कात्रणं जमतात. कात्रणांची फाइल पुरेशी जाड झाली, तर महोत्सव यशस्वी समजून प्रत्यक्ष उड्डाण रद्द करायलाही हरकत नाही.

प्रेस नोट आत्ताच लिहून ठेवल्या आहेत. बलून उडाला तर ‘लोणारच्या पर्यटनाला नवी उंची’. नाही उडाला तर ‘बलून महोत्सवाला उदंड प्रतिसाद’. वाऱ्याने फाटला तर ‘नैसर्गिक अडचणींवर मात’. तिन्हींत पाहुण्यांचं भाषण एकच आहे. फक्त पहिल्या वाक्यातलं क्रियापद बदलायचं.

माध्यमांची व्यवस्था प्रतवारीने. मुंबईचे पत्रकार समृद्धी महामार्गाने येतील आणि लोणारच्या पर्यटक निवासात उतरतील. त्यांना टोपलीत जागा. रील करणाऱ्या मंडळींना टोपलीत जागा आणि शिवाय मानधन. मोबदल्यात त्यांनी सरोवराला ‘तलाव’, ‘धरण’ किंवा ‘समुद्र’ काहीही म्हणावं. तालुका प्रतिनिधींना बसायला सतरंजी आणि गळ्यात ओळखपत्र. त्यांतल्या बहुतेकांना पगार नसतो, जाहिरातीवरचं कमिशन असतं. म्हणून तेच बिचारे महिनाभर आधी शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करत फिरतील आणि चोवीस पानी पुरवणी भरतील. पुरवणीत बलूनचा फोटो एक, शुभेच्छुकांचे एकशे चाळीस.

वार्ताहराने वर असताना प्रश्न विचारला तर? इथे बलूनच्या यंत्रणेचा फार उपयोग होतो. हवा गरम ठेवायला पायलटला थोड्या थोड्या वेळाने बर्नर पेटवावा लागतो, आणि त्याचा आवाज असा असतो की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. पायलटला खुणेची भाषा शिकवावी. पाहुण्यांनी चष्मा पुसला की झडप ओढायची.

मात्र बर्नरची दुसरी बाजू समितीने गंभीरपणे घ्यावी. तो बंद झाला की बलून पूर्ण शांत असतो. आपल्याकडच्या नेत्यांना हवाई पाहणीची सवय हेलिकॉप्टरची. त्याच्या घरघरीत खाली बुडालेलं पीक दिसतं, पण माणसं काय ओरडतात ते ऐकू येत नाही. वरून हात हलवला की भागतं. बलून दोन-तीनशे फुटांवरून रमतगमत जातो. खालचं कुत्रं भुंकलेलं, हंडा आदळलेला, ‘ओ साहेब, नळाले पाणी कवा येईन?’ असं कुणी विचारलेलं टोपलीत स्वच्छ ऐकू येतं. हेलिकॉप्टरने सांभाळलेली सगळी मर्यादा बलून मोडून टाकतो.

आता सर्वांत धोक्याचं कलम. बलूनला सुकाणू नसतं. पायलट वर-खाली जाऊ शकतो. वेगळ्या उंचीवर वेगळ्या दिशेचा वारा मिळाला तर मार्ग थोडा बदलतो. अमेरिकेत अल्बुकर्कला १९७२ पासून मोठा बलून महोत्सव भरतो. तिथे थंड सकाळी खालचा वारा एकीकडे आणि वरचा बरोबर उलटीकडे वाहतो, म्हणून निघाल्या मैदानाजवळच परत येता येतं. वारा पाहून पातळी बदलायची आणि घरी परतायचं, ही विद्या आपल्या राज्यातही प्रगत आहे, पण ती बलूनवाल्यांकडे नाही. त्यामुळे बलून उडेल आपल्या मंडपाजवळून आणि उतरेल भलतीकडेच.

या बाबतीत इतिहासही घाबरवतो. पॅरिसमध्ये २७ ऑगस्ट १७८३ ला प्राध्यापक चार्ल्स यांचा हायड्रोजनचा फुगा मोठ्या गर्दीसमोर उडाला आणि गोनेस नावाच्या खेड्यात पडला. पॅरिसचं नियोजन चोख होतं, गोनेसला कुणी कळवलं नव्हतं. तिथल्या शेतकऱ्यांनी आभाळातून आलेल्या राक्षसाला काट्या-कोयत्यांनी फाडून काढलं. त्यानंतर फ्रेंच सरकारने जनतेसाठी निवेदन छापलं: हे बलून आहेत, घाबरू नये. बलूनच्या क्षेत्रातली सरकारी प्रेस नोट पहिल्यापासूनच फुगा फाटल्यावर निघते. पुढच्याच महिन्यात व्हर्साय इथे राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवले. एकानेही उतरल्यावर प्रतिक्रिया दिली नाही. इतके शिस्तीचे मान्यवर पुन्हा मिळाले नाहीत.

आपल्याकडचा दाखला विजयपत सिंघानियांचा. २६ नोव्हेंबर २००५ ला सदुसष्टाव्या वर्षी ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून हॉट एअर बलूनने निघाले आणि २१ हजार मीटरच्या वर जाऊन त्यांनी उंचीचा विश्वविक्रम केला. उड्डाण मुंबईत, शहराच्या मध्यात. उतरले कुठे? सिन्नर तालुक्यातल्या पांचाळ्यात. एकवीस किलोमीटर वर गेलेला माणूसही शेवटी कुणाच्या तरी शिवारातच येतो, आणि तिथे मंडप नसतो.

तेव्हा आराखड्याचं अखेरचं कलम असं. लोणारहून निघालेला बलून मेहकरकडे जावो की सुलतानपूरकडे, तो उतरेल उभ्या तुरीत किंवा हरभऱ्यात. त्याच्यामागे बलूनवाल्यांची गाडी धावेल, गाडीमागे ओबी व्हॅन. पाणंद रस्ता कागदावर खडीकरण झालेला असल्याने दोन्ही वाहनं चिखलात रुततील, हे चांगलंच आहे. तेवढ्या वेळात टोपली आवरून पाहुण्यांना बैलगाडीत बसवता येईल. पण एखादा चपळ तालुका प्रतिनिधी दुचाकीने पोहोचलाच, तर त्याला सक्त ताकीद हवी: पायलटची बाइट घ्या, पाहुण्यांची घ्या, बदक सापडलं तर त्याचीही घ्या; ज्याच्या शेतात बलून उतरला त्याची घेऊ नका. त्याला ‘काय वाटतंय?’ असं विचारलं की तो सांगणार, ‘फुगा लय मोठा हाय बाप्पा. आता मोडलेल्या तुरीचा पंचनामा कोन करते ते सांगा. अन् दोन हजार चोवीस साली सोयाबीनचा हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव होता, मले बाजारात तेवढा भेटला नाही, त्याचं काय?’ हे थेट प्रक्षेपणात गेलं तर कापता येत नाही, आणि तिथे पायलटचा बर्नरही विझलेला असतो.