दोनच स्क्रूचं तर काम!

फ्रिज बंद पडला तर नाना मेकॅनिकला फोन करू देतात. कॉम्प्रेसर, गॅस, थर्मोस्टॅट ही आतली कामं. त्यात आपण पडू नये एवढं तारतम्य त्यांच्याकडे आहे. पण हँडल? हँडल बाहेर असतं, डोळ्यांना दिसतं आणि त्याला दोन स्क्रू असतात. ज्याला स्क्रू आहे ते घरी होतं, अशी नानांची श्रद्धा आहे. देवावरही त्यांची एवढी नाही.

नाना हे एका माणसाचं नाव समजू नका. सदाशिव पेठेत वाडा पाडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक अपार्टमेंटमध्ये एक नाना असतो. डोंबिवलीत दोन विंगा मिळून तीन निघतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलेले नाना तर जास्तच जोरात असतात, कारण तिकडे मेकॅनिकला नुसतं दारात बोलवायचे पैसे डॉलरमध्ये पडतात आणि नाना त्यांचे मनातल्या मनात रुपये करतात. मी जवळून पाहतो ते कोथरूडचे. नोकरी बँकेत, तीही कर्जखात्यात. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे जामीनदार तपासले. हातात पाना घ्यायची वेळ नोकरीत एकदाही आली नाही, त्यामुळे उत्साह सगळा शिल्लक आहे.

हँडल तुटलं की नाना आधी पंचनामा करतात, दुरुस्ती मागाहून. ‘कोणी ओढलं?’ हा पहिला प्रश्न. सून म्हणते, मी तर हळूच उघडलं. नातू म्हणतो, मी क्लासला होतो. काकू म्हणतात, ‘अहो, गेले सहा महिने हलतंय ते. तुम्हाला सांगून सांगून थकले.’ हे वाक्य पंचनाम्यात नोंदवलं जात नाही.

मग मुद्देमाल तपासायचा. हँडलवर ओला नॅपकिन टांगलेला असतो. त्याच्याखाली वेलक्रोचं मखमली कव्हर, हँडल खराब होऊ नये म्हणून लक्ष्मी रोडवरून आणलेलं. कव्हर काढल्यावर कळतं की हँडल खराब झालेलं नाही, तुटलेलं आहे. वरचा स्क्रू ज्यात बसतो तो प्लास्टिकचा कान मुळापासून गेलेला असतो. स्क्रू दारातच राहतो आणि त्याच्या गळ्यात त्या कानाचं पांढरं कडं तेवढं उरतं. नाना ते कडं नखाने फिरवून बघतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, ‘हं. दोनच स्क्रूचं तर काम!’

इथे एक कबूल केलं पाहिजे. नानांचं ज्ञान पक्कं असतं. हँडल का तुटतं हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. दार उघडलं की खोलीतली गरम हवा आत शिरते. दार लावलं की ती गार होते, आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि दार घट्ट धरून बसतं. भर म्हणून रबराच्या पट्टीत लोहचुंबक असतंच. त्याच क्षणी ‘अगं बाई, कोथिंबीर राहिली’ म्हणून कोणी पुन्हा दार ओढलं, की सगळा हिसका त्या एवढ्याशा कानावर येतो. अर्धा मिनिट थांबलं तर दार अलगद उघडतं. ‘म्हणून म्हणतो, फ्रिजपुढे उभं राहण्याआधी काय काय काढायचंय याचा विचार करावा,’ असा समारोप नाना स्वयंपाकघराच्या दिशेने करतात. स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज येतो.

नानांना जुन्या फ्रिजचं हँडल आठवतं. त्याला कुलूप असायचं आणि किल्ली काकूंच्या सासूबाईंच्या कनवटीला. तेव्हा फ्रिज दिवाणखान्यात ठेवायची पद्धत होती, त्यामुळे पाहुण्यांसमोर तो किल्लीने उघडण्यात एक रुबाब होता. त्याच्याही आधीच्या अमेरिकन फ्रिजांना खिट्टीचं हँडल असे आणि ते फक्त बाहेरून उघडे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुलं आत अडकून गुदमरली. म्हणून १९५६ साली तिकडे कायदा झाला की दार आतूनही उघडलं पाहिजे. दोन वर्षांनी तो लागू झाला आणि खिट्टी जाऊन चुंबकाची पट्टी आली. हे सांगताना नानांचा आवाज खाली येतो आणि नातूसुद्धा मोबाइल बाजूला ठेवतो. लगेच ते सावरून सांगतात, ‘आणि त्याच १९५८ साली गोदरेजने आपल्याकडचा पहिला भारतीय फ्रिज बनवला!’ जणू दोन्हीकडे तपासणीला हेच गेले होते.

एवढं सगळं माहीत असलेला माणूस हातात टेस्टर घेतो तेव्हा काय होतं, तो या लेखाचा विषय.

टेस्टरच. नानांकडे स्क्रू ड्रायव्हरचा अख्खा संच आहे, मुलाने वाढदिवसाला दिलेला; तो प्लास्टिकच्या आवरणासकट कपाटात असतो, ‘चांगल्या कामासाठी’. बाकी जगातली सगळी कामं टेस्टरने होतात. त्याने स्क्रू फिरवायचे, रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायचं, कान सोडून काहीही कोरायचं. टेस्टरचं टोक चपटं आणि हँडलचा स्क्रू फुलीचा, ही गोष्ट नाना गौण मानतात. स्क्रूची फुली घासून तिचा गोल खड्डा झाला की म्हणतात, ‘कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.’

कंपनीला फोन होतो तो फक्त वाद घालण्यासाठी. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते की नुसतं हँडल मिळत नाही, पूर्ण दार बदलावं लागेल. इथे मात्र मी सर्वस्वी नानांच्या बाजूने आहे. दीड वितीच्या प्लास्टिकसाठी अख्खं दार टाकायला सांगणाऱ्यांना जाब विचारणारा कोणीतरी हवाच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं ते याच दुखण्यावर: सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्ती कशी होईल, याची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून. नाना त्या मुलीला हे सविस्तर ऐकवतात. ती शांतपणे विचारते, ‘सर, आणखी काही मदत करू शकते का?’ नाना फोन ठेवतात आणि श्रीखंडाचे डबे काढायला सांगतात.

या डब्यांत नानांचं सगळं वैभव आहे. पंखा भंगारात गेला, त्याचे स्क्रू इथे. मिक्सर गेला, त्याचे वायसर इथे. लग्नात आलेल्या गजराच्या घड्याळाचे पाय, सायकलच्या ब्रेकचा नट, कशाचा ते कोणालाच सांगता येणार नाही असा एक पितळी बोल्ट. घरातली कुठलीही वस्तू नानांनी खोलून परत जोडली की एक स्क्रू उरतो आणि तो या डब्यात येतो. फ्रिजच्या हँडलला लागेल असा मात्र त्यात एकही नसतो.

तेव्हा चिकटवायचं ठरतं. पाच रुपयांच्या ट्यूबने होणार नाही हे नाना स्वतःच सांगतात: ती चिकटते लवकर, पण तो सांधा ठिसूळ असतो, हिसका बसला की सुटतो. इथे दोन ट्यूबवाला इपॉक्सी हवा. मग नाना तुटलेल्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने घासतात, स्पिरिटने पुसतात, जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर दोन्ही ट्यूब अगदी समसमान पिळतात आणि काडेपेटीच्या काडीने ढवळतात. जीभ किंचित बाहेर आलेली असते. त्या पाच मिनिटांत ते खरोखरच कारागीर दिसतात. हँडल जागेवर दाबून धरलं जातं, त्यावर काळी टेप, त्यावर आडव्या तीन फेऱ्या सुतळीच्या, थेट फ्रिजच्या पाठीमागून. वर चिठ्ठी: ‘उद्या सकाळी साडेसहापर्यंत फ्रिज उघडू नये. उघडल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी उघडणाऱ्यावर राहील.’

चोवीस तास फ्रिज न उघडल्याने आतलं काही नासत नाही, उलट गारवा टिकतो. पण मराठी घराची सगळी मदार त्या आतल्या गोष्टींवर असते. दूध आत. कणकेचा गोळा आत. नारळाची खवलेली वाटी, आलं, मिरच्या, कालची आमटी, विरजण, सगळं आत. काकूंनी सुतळी बांधण्याआधी जे हाताला लागलं ते शेजारच्या वहिनींकडे पोहोचवलं, आणि मग दर तासाला कोणीतरी वाटी घेऊन त्यांच्या दारात. वहिनी पहिल्यांदा ‘या ना’ म्हणाल्या, दुपारी नुसतंच दार उघडलं, संध्याकाळी दार उघडंच ठेवलं. इडलीचं पीठ मात्र ओट्यावर विसरलं. मे महिन्यात, झाकण लावून. पुढचं सांगत नाही.

रात्री दीडच्या सुमाराला ‘कट्’ असा आवाज झाला. झोपेत कोणीतरी सवयीने सुतळी बाजूला सारून गार पाण्यासाठी हँडल ओढलं होतं. घरात रात्री पाण्याला उठणारा माणूस एकच आहे. सकाळी पंचनामा झाला नाही.

याने नाना खचत नाहीत. आणखी पक्कं काहीतरी करायला हवं, एवढाच निष्कर्ष ते काढतात. रविवारी जुन्या बाजारात जाऊन त्यांनी कुठल्याशा वाड्यातल्या कपाटाची पितळी मूठ आणली. वजन पाव किलोच्या वर, कोरीव काम सुंदर. सोबत बोहरी आळीतून स्क्रू, आणि ‘आता घरात असायलाच हवं’ म्हणून एक ड्रिल मशीन. हे लोक कंजूष असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बिल बघावं; त्यात डझनभर नवी हँडलं आली असती.

ड्रिलला काकूंचा विरोध होता. नानांनी समजावलं की भीती बाजूच्या भिंतींची. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गरम गॅसची नळी बाजूच्या पत्र्यामागून फिरवलेली असते, तिथे भोक पडलं की फ्रिज गेला. आणि मागे कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊ, पेट घेणारा. पण दारात नळी नसते! हेही बरोबरच होतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि बजावून गेल्या, मी भिशीहून येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

काकू भिशीहून आल्या तेव्हा फ्रिजला पितळी मूठ होती. शोभत होती, खोटं का बोला. संध्याकाळी सुनेने दूध काढायला दार ओढलं तर मूठ स्क्रूंसकट तिच्या हातात आली, आणि दोन भोकांतून पिवळसर फोम डोकावू लागला. नानांनी तत्काळ कारणमीमांसा केली: दाराचा पत्रा पातळ, पाठीमागे नुसता फोम, मग स्क्रूच्या आट्यांना धरायला काय मिळणार? मूळ हँडलच्या स्क्रूंसाठी कारखान्यात आतून आधार दिलेला असतो. ‘बाबा, हे भोक पाडायच्या आधी नव्हतं का माहीत?’ मुलाने विचारलं. नाना म्हणाले, ‘तत्त्वतः माहीत होतं.’

शेवटी सुनेने फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर स्पेअर पार्टच्या दुकानाला पाठवला. हँडल तीनशे रुपयांच्या आत मिळालं. ते बसवायला आलेल्या विशी-बाविशीच्या पोराने नखाने दोन बुचं काढली आणि गोल खड्डा झालेला स्क्रू पकडीने धरून सोडवला. नवा कसताना नाना मागे उभे राहून ‘हं, आता उजवीकडे’ म्हणत होते. चहा उकळायच्या आत काम झालं. पोरगा गेल्यावर नाना म्हणाले, ‘ऐंशी टक्के काम मी करूनच ठेवलं होतं.’ नव्या भोकांवर काकूंनी अष्टविनायक यात्रेची दोन मॅग्नेट लावली. मोरगाव वर, थेऊर खाली.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस नाना उदास होते. हँडल हलत नव्हतं, करकरत नव्हतं, तक्रारीला जागाच नव्हती. या माणसांना वस्तू दुरुस्त झालेली नको असते, दुरुस्ती चालू असलेली हवी असते. आणि निवृत्त माणसाला ‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाला द्यायला उत्तर असणं किती मोलाचं, हे ज्याला निवृत्ती आली त्यालाच विचारावं. चौथ्या दिवशी बाथरूमच्या दाराची कडी घट्ट लागत नसल्याचं त्यांच्या ध्यानात आलं आणि घरात पुन्हा श्रीखंडाचे डबे निघाले.

तेव्हा तुमच्याकडे हँडल हलायला लागलं असेल तर आजच बुचं काढून स्क्रू कसा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. तुटलंच असेल तर मॉडेल नंबरचा फोटो काढा, तुटकं हँडल पिशवीत टाका आणि दुकानात जा. नवं आणलं की ते बसवायला घरच्या नानांनाच सांगा, ते नाराज होता कामा नयेत. फक्त त्याआधी फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात द्या, आणि टेस्टर लपवून ठेवा.