गप्पिष्टांना प्रवेश नाही

दारात आलेल्या पाहुण्याला "आत या, पण बोलू नका" असं सांगणारा गृहस्थ मला पेनसिल्व्हेनियात भेटला. पुण्यात हे ऐकलं असतं तर नवल वाटलं नसतं. पण हे आमचे शेजारी एरवी कुंपणापाशी उभे राहून हरणं, बर्फ आणि नालायक जावई या तीन विषयांवर अर्धा अर्धा तास बोलणारे. गॅरेजमधल्या त्या एका टेबलाशी बसले की मात्र मौनीबाबा. त्या टेबलावर ते काडतुसं भरत.

काडतूस उडालं की गोळी जाते, दारू जळते, पण पितळी पुंगळी मागे उरते, आणि सगळ्यात महाग तीच. ती वेचून आणायची, घासूनपुसून लख्ख करायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाशी नवीन प्रायमर बसवायचा, वजन करून पावडर भरायची आणि वर नवी गोळी बसवायची. पैसे वाचतात असं हे लोक बायकोला सांगतात. प्रत्यक्षात यंत्रं, साचे, काटे आणि पुस्तकं यांवर इतका खर्च होतो की वाचलेले पैसे शोधायला भिंग लागेल. तिकडे हा छंद राजरोस चालतो. सामान दुकानात मिळतं, आणि शिकारीचा मोसम आला की आपल्याकडे दिवाळीआधी फराळाची गडबड असते तशा वेळी गॅरेजागॅरेजांतून खटखट सुरू होते.

पूर्वी तर ही खटखट खरोखर हातोडीचीच असे. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी १९५८ साली घरच्या कामशाळेत एक छोटा संच बनवला. त्यात यंत्र वगैरे काही नाही, लाकडी हातोडीने ठोकत ठोकत काडतूस तयार करायचं. प्रायमरसुद्धा ठोकूनच बसवायचा. प्रायमर म्हणजे ठोकला की पेटणारी वस्तू. त्यामुळे अधूनमधून एखादा प्रायमर बसण्याऐवजी उडायचा, आणि भरणारा माणूस खुर्चीतून. शेजाऱ्यांनी वडिलांच्या या संचावरच हात बसवला होता. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय ते टेबलाला हात का लावत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

तर अशा घराशेजारी आमचे सासरे, अण्णा, मुलीकडे राहायला आले. अण्णांची सगळी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेली. १८६९ सालचा तो कारखाना. काडेपेटी गेटवर जमा करून आत जाण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला शेजारच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरली जातात हे कळल्यावर त्यांचा चहाचा कप हातातच राहिला.

"घरात? आणि वरच्या मजल्यावर माणसं झोपतात? जावईबापू, मला तिथे घेऊन चला."

मी दुभाष्या म्हणून गेलो. अण्णा पाहणी करायला निघाले होते. हातात वही नव्हती एवढंच.

पहिला आक्षेप लाकडी पेटीवर. पावडरचे डबे शेजाऱ्यांनी जाड फळ्यांच्या साध्या पेटीत ठेवले होते. अण्णा म्हणाले, "यांना सांगा, गोदरेजचं लोखंडी कपाट घ्या. कुलूप लावा, निश्चिंत व्हा." मी भाषांतर केलं. शेजारी हसले आणि म्हणाले, तेच तर करायचं नाही. ही धूररहित पावडर उघड्यावर पेटली तर भडकून जळते, धडाका होत नाही. तीच मजबूत लोखंडात कोंडली तर आतला दाब वाढत जातो आणि कपाटाचाच बॉम्ब होतो. लाकडी पेटी आग लागली की वेळेवर मोकळी होते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमावलीतही घरात वीस पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यांत, त्यापुढे पन्नास पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत, आणि प्रायमर दहा हजारांच्या वर नाहीत, असं म्हटलेलं आहे. अण्णांनी मान डोलावली. हे आपल्याला ठाऊकच होतं, फक्त समोरच्याची परीक्षा घेत होतो, असा त्यांचा चेहरा. सासऱ्यांचा हा चेहरा माझ्या परिचयाचा आहे.

मग प्रायमर. ते कंपनीच्या खोक्यात, प्रत्येक आपापल्या खणात. "बरणीत का नाही भरत? जागा वाचेल," असं मी विचारलं, आणि ते दोघे एकाच वेळी माझ्याकडे असे वळले की भाषांतराची गरज पडली नाही. सुटा प्रायमर उडाला तर दचकवतो. बरणीभर प्रायमर एकमेकांना चिकटून असले तर एकाबरोबर सगळे उडतात, आणि बरणीच्या काचा घरभर. तो खोका शोभेसाठी नसून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवण्यासाठी असतो.

टेबलावर पावडरचा डबा एकच. दुसरा डबा पेटीतून बाहेर यायचा तर पहिला आधी आत जायचा, कारण या पावडरी दिसायला बहुतेक सारख्या, करड्या-काळ्या. पिस्तुलाची झटकन जळणारी आणि रायफलची सावकाश जळणारी यांची अदलाबदल झाली तर बंदूक हातात फुटते. काम संपलं की यंत्राच्या नळकांड्यात उरलेली पावडर तिच्याच डब्यात परत. डब्याचा संशय आला, तर पावडर थोडी थोडी करून हिरवळीवर. त्यांची हिरवळ आमच्यापेक्षा कितीतरी हिरवी होती. संशय हे उत्तम खत आहे, असं शेजारी म्हणत.

सांडलेली पावडर गोळा करायला व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही, मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. तिथे ब्रश आणि सुपली. भारतातून नेलेल्या केरसुणीची इतकी वर्षं चेष्टा सोसलेल्या माझ्या बायकोला ही बातमी मी घरी जाऊन लगेच दिली.

तिच्याशी शेजाऱ्यांचे संबंध मात्र थोडे ताणलेले होते. तिने बशीभर भडंग पाठवलं होतं आणि ते त्यांनी गॅरेजच्या बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लावलं. उडालेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. पुंगळ्या घासताना ते धुळीत आणि बोटांवर येतं. म्हणून टेबलाशी खाणं नाही, पिणं नाही, विडीकाडी तर नाहीच, आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे. अण्णांनी मुलीला हे समजावलं, पण बाहेर ठेवलेल्या बशीचा अपमान समजावणीने भरून येत नसतो.

आता त्या मौनाकडे येतो. शेजाऱ्यांचं यंत्र असं होतं की दांडी एकदा ओढली की तबकडी एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक घरातल्या पुंगळीवर वेगळं काम होतं. पंगतीत वाढपी लागतात तसं: पहिला मीठ-लिंबू, दुसरा भात, तिसरा वरण. आता वरणवाल्याला मधेच मामांनी हाक मारली आणि तो परत आला, तर एका पानावर वरण दोनदा पडतं आणि एका पानावर पडतच नाही. पंगतीत हसून निभावतं. इथे पिस्तुलाच्या काडतुसात पावडर असते ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि पुंगळीत जागा इतकी की दुप्पट भरली तरी वरून सांडत नाही, चुगली करत नाही. गोळी बसली की झाकण लागलं. म्हणून गोळी बसवण्याआधी ते प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून पाहत, सगळ्यांत पातळी सारखी आहे ना.

आणि जिच्यात पावडर पडलीच नाही ती? लोकांना वाटतं, ती बरी. फुसका बार निघेल, सुटलो. पण नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकून बसते. आवाज "धाड्" ऐवजी "फट्" येतो. तो ऐकून नेमबाज थांबला आणि बंदूक रिकामी करून नळी पाहिली तर ठीक. उत्साहात पुढची गोळी झाडली तर ती अडकलेल्या गोळीवर जाऊन आपटते आणि नळी फुटते. दिवाळीत न उडालेल्या फटाक्यावर वाकून पाहणारी मुलं मोठेपणी कुठे जातात, असा प्रश्न पडला की मला हे आठवतं.

अण्णांना हे सगळं पटत असतानाच त्यांच्यातला खडकीकर जागा झाला. दांडी अर्धी खाली असताना त्यांनी विचारलं, "एका पाळीत किती काढता?" मी निष्ठेने भाषांतर केलं. शेजाऱ्यांनी हात थांबवला. उत्तर दिलं नाही, रागावलेही नाहीत. तबकडीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढल्या, पावडर ओतून डब्यात टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कुठवर आलो होतो ते आठवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "तपासणी विभागात शोभला असता हा माणूस." अण्णांनी एवढी स्तुती माझी कधी केली नाही.

या छंदात हात पोळणारे वेडे किंवा अडाणी नसतात. ते असतात "इतकी वर्षं भरतोय, मला काय होतंय" म्हणणारे, मापाचं पुस्तक फडताळात ठेवून मित्राने सांगितलेलं प्रमाण वापरणारे, पहिल्याच खेपेला कमाल माप गाठणारे, समोर मॅच लावून बसणारे. पुस्तक सांगतं, खालच्या मापापासून सुरू करा आणि हळूहळू वर या. ते वाचायला कंटाळवाणं आहे. ज्याला हा कंटाळा सोसतो त्याने खुशाल भरावीत, ज्याला सोसत नाही त्याने दुकानातून आणावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, तेव्हा पुण्यातल्या वाचकांनी हा लेख वाचून गॅलरीत टेबल मांडू नये. पण मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेत जाणाऱ्यांना एक विनंती. शेजारच्या गॅरेजमधून दांडीची खटखट येत असेल, तर कितीही कुतूहल वाटलं तरी त्या वेळी दार वाजवू नका. तो माणूस हात धुऊन बाहेर येईल, तेव्हा काय विचारायचं ते विचारा.