पंपच गेला असणार

जुन्या डिझेल गाडीला चालू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हवा, त्या हवेवर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी फवारलेले डिझेल. जुनी म्हणजे इथे संगणक नसलेली. तिला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा वीस-बावीस पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. तीनच गोष्टी, म्हणजे निदानही सोपे असायला हवे. ते अवघड होते ते मालकामुळे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये अजून धावणाऱ्या सुमो, मार्शल, इंडिका यांचा मालक बिघाड शोधायला बॉनेट उघडत नाही. तो भारदस्त बिघाड शोधायला उघडतो. ‘पंप गेला’ या वाक्याला वजन आहे. डिझेल पंप खोलायचा तर गोंदिया नाहीतर नागपूर गाठावे लागते, आणि आलेला खर्च चारचौघांत सांगता येतो. टर्मिनल सैल होते, हे चारचौघांत सांगता येत नाही. प्रस्तुत लेखक या पंपपंथाचा जुना वारकरी आहे. विशेषतः मराठी मालकाला सुमो १९९४ साली आली, तिचे नाव टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांवरून पडले, इंजिन १९४८ सीसीचे, हे सगळे तोंडपाठ असते. इंजिनात ऑइल किती आहे, हे ठाऊक नसते.

शास्त्रशुद्ध क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी बॅटरी. सेल्फ रेंगाळत फिरला तर हवा पुरेशी तापत नाही आणि बाकी सर्व ठणठणीत असूनही गाडी चालू होत नाही. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर गरम पाण्याने धुवावा, नट आवळावेत, इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थची वायर पाहावी. मग हीटर प्लग. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गाडी थरथरत, पांढरा धूर सोडत उठली आणि मिनिटभरात शांत झाली, तर एखादा प्लग मेलेला असतो. प्लग जोडणारी पट्टी काढून टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे एकेका प्लगला लावावे. दिवा लागला नाही तो प्लग बाद.

त्यानंतर डिझेल. पावसाळ्यात टाकीत पाणी साचते आणि ते फिल्टरच्या तळाशी उतरते. तिथला स्क्रू ढिला करून ते काढून टाकावे. गाडीने ‘एअर धरली’ असेल तर प्रायमर दाबत राहावे आणि ब्लीड स्क्रूमधून फेस यायचा थांबला की तो आवळावा. एअर शिरते कुठून, हे मात्र सहज सापडत नाही. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला बारीक चीर गेली की ती बाहेर थेंब न गळता आत हवा ओढते. खाली डाग दिसत नाही आणि मालक पुन्हा पंपाकडे बघू लागतो. नळीचा तुकडा तात्पुरता पारदर्शक लावला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

गाडी मिसिंग करत असेल तर इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलचा नट किंचित ढिला करावा. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार. वर फडके धरावे, चष्मा घालावा. नोझलची धार कातडी भेदून आत शिरते, आणि मग बिघाडाचे निदान इस्पितळात होते.

येथे थोडे विषयांतर क्रमप्राप्त आहे. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की आतला आवाज स्पष्ट ऐकू येतो. टॅपेटची टकटक वरून येते, बेअरिंगचा ठोका खालून, जड. वॉटर पंपाची घरघर फॅनच्या मागून. फॅनच्या पट्ट्यापासून बाही दूर ठेवावी. पेचकस लावल्यावर डोळे मिटण्याची काही गरज नसते, तरी सगळे मिटतात. त्याने जास्त ऐकू येत नाही. पाहणाऱ्यांना मात्र येत असल्यासारखे वाटते. भुवया उंचावतात, मान समेवर आल्यासारखी हलते, ‘हूं’ निघतो. मग मालक न बघता हात वर करतो: दे... अजून दे... बस, बस म्हटलं ना! ही आज्ञा अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलेल्या व्यक्तीसाठी असते. ही व्यक्ती बहुधा पत्नी. तिला इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाही, बॉनेटमुळे हात दिसत नाही, आणि दोष तिचाच असतो. महिनाभरापूर्वी बैहरच्या घाटात ‘आवाज वेगळा येतोय’ असे तिने शेजारच्या सीटवरून सांगितलेले असते. त्यासाठी तिला पेचकस लागला नव्हता. घरात सर्वांत चांगला कान कोणाचा, हे उघड आहे. पण त्याची साक्ष नोंदवली जात नाही.

धुराचे तीन रंग. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: एअर फिल्टर झटकावा, भरवेलीच्या रस्त्याची धूळ आणि वारासिवनीच्या राइस मिलचा कोंडा त्यात ठासलेला असतो. चढावर थोडा काळा धूर जुन्या इंजिनाला माफ. निळा म्हणजे ऑइल जळतेय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि रेडिएटरचे पाणी उतरत असेल, तर हेड गॅस्केट. धुराचे हे रसग्रहण पोर्चमध्ये चालते, आणि धूर खिडकीतून घरात, भिंतीवरून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. रंग ओळखायला मिनिट पुरते. गाडी उघड्यावर उभी करावी, आपण वाऱ्याला पाठ देऊन उभे राहावे, आणि मुलांना मागे ‘बघायला’ बोलावू नये. या बाबतीत विनोदाला जागा नाही.

राहिले कम्प्रेशन. ऑइल भरायचे झाकण सैल करून वर ठेवावे. भकाभक वाफारा येऊन ते नाचू लागले तर रिंगा झिजल्या. दाब मोजायचा गेज, नोझल आणि पंप ही कामे घरची नव्हेत. गाडी मिस्त्रीकडे न्यावी आणि त्याला निदान सांगू नये, लक्षणे सांगावीत: धूर कोणता, त्रास थंड असताना की गरम झाल्यावर, चढावर की उभ्या गाडीत, आणि आवाज पहिल्यांदा कोणी ऐकला. तिला सोबत न्यावे.