शेतीतून खेळाकडे : अमडापूर पंचक्रोशीतील गेम-पदवीधरांसाठी मार्गदर्शिका

गेम डिझाइन, गेम आर्ट, ॲनिमेशन किंवा 'इंटरॲक्टिव्ह एन्टरटेनमेंट' अशा नावाची पदवी घेऊन, पुण्याची रूम सोडून, गादी आणि बादलीसह अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा येथे परतलेल्या उमेदवारांसाठी ही मार्गदर्शिका आहे. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या बाकीच्या गावांतील उमेदवारांनी गावाचं नाव बदलून ती वापरली तरी हरकत नाही. इंजिनिअरिंग केलेल्यांना तिची गरज नाही. त्यांची बेकारी समाजमान्य आहे.

पायरी पहिली : घरी आणि पारावर सांगणे

ही सगळ्यात अवघड पायरी आहे. मुलाखतीची तयारी यानंतर करावी. पारावर साधारण असा संवाद होतो :

"काय करून राह्यला बापू सध्या?"

"गेमचा कोर्स केला काका."

"थे तं आमचं पोट्टं बी करते, रातभर. परवा मोबाइल फोडला म्या त्याचा."

इथे 'गेम खेळणे' आणि 'गेम बनवणे' यांतला फरक समजावून सांगायचा मोह आवरावा. काका फरक ऐकून घेतील आणि मग विचारतील, "मंग तूच बनवते काय थे रमी?" या प्रश्नाला मात्र उत्तर लागतं, आणि ते पाठ असलेलं बरं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साध्या खेळांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलं आहे. तुम्ही त्या प्रोत्साहनाच्या बाजूचे आहात, हे ठासून सांगा. प्रोत्साहन कुठे मिळतं, असं काकांनी विचारलं तर चहा सांगा.

काही उमेदवार आबांसमोर संस्कृतीचा आधार घेतात. सापशिडीचं मूळ आपल्याकडच्या मोक्षपटात आहे, मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वर माउलींच्या नावावर सांगितला जातो, म्हणजे हा वारकऱ्यांचाच धंदा, अशी ही मांडणी. ती आबांपर्यंत चालते. आबा हात जोडतात. मग बाबा विचारतात, "माउलीले पगार किती होता?"

शेतीतून खेळाकडे जाण्याचं ताजं उदाहरण कुणी मागितलं, तर ते राज्याच्या मंत्रिमंडळातच घडलं. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेच्या सभागृहात तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपता संपता कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पोर्टफोलिओ नाही, मुलाखत नाही, आर्ट टेस्ट नाही. एवढ्या झपाट्याने आपलं होणार नाही, हे उमेदवाराने मनाशी धरून चालावं.

तोवर पारावर एकच वाक्य वापरायचं : "कॉम्प्युटरमध्ये आहे." यावर आजवर कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

पायरी दुसरी : पदवी कपाटात, पोर्टफोलिओ बाहेर

पदवीचं लॅमिनेशन चिखलीला करून घ्या, आईला बरं वाटतं. त्याचा उपयोग तिथेच संपतो. या धंद्यात प्रमाणपत्र कुणी बघत नाही. तुम्ही काय बनवलं ते बघतात, तेही दीड मिनिट. ही गोष्ट प्रवेश घेताना कुणी सांगितली नव्हती, कारण प्रवेश देणाऱ्याचा धंदा वेगळा असतो. 'शंभर टक्के नोकरीची हमी' ही या क्षेत्रातली सर्वांत यशस्वी कल्पित कथा आहे आणि तिचे भाग दर जूनला निघतात.

पोर्टफोलिओत काय असावं? पुण्यातल्या नव्या मुलांचे पोर्टफोलिओ उघडून पाहा. एक लाकडी पिंप, एक लाकडी खोका, एक तलवार, एक मोडकं देऊळ आणि त्यावर संध्याकाळचा केशरी उजेड. सगळ्यांनी एकाच यूट्यूब चॅनलवरून शिकलेलं असल्यामुळे पिंपाच्या फळ्यासुद्धा तेवढ्याच. तुम्ही अमडापूरचे आहात, पिंप तुम्ही बनवायचं कारण नाही. जुनं डिझेल इंजिन बनवा, पट्ट्यासकट. सोयाबीनचं मळणीयंत्र बनवा. त्याचे भाग हलवून दाखवले तर ॲनिमेशन येतं हेही कळतं. पाच वर्षं उन्हात पडलेला पीव्हीसी पाइप कसा पांढुरका होतो, हे पुण्यातल्या मुलाला इंटरनेटवर शोधावं लागेल. तुम्ही दार उघडून बघू शकता.

लेव्हल डिझाइन करणाऱ्यांना तर जिल्ह्याने घरपोच सोय केली आहे. लोणारचं विवर घ्या. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा, बसाल्ट खडकात उल्केने केलेला, चहूबाजूंनी कडा, आत झाडी, खाली खारं पाणी, काठावर पडकी देवळं. खेळाडू नकाशाबाहेर जाऊ नये म्हणून लेव्हल डिझायनर जन्मभर अदृश्य भिंती घालत असतात. इथे ते काम उल्काच करून गेली आहे. शिवाय जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, म्हणजे दुसऱ्या टप्प्यासाठी रंगसंगतीही तयार.

एक सूचना कळकळीची. पहिलाच गेम म्हणून शिवरायांवर भव्य ओपन-वर्ल्ड महाकाव्य करायला घेऊ नका. दर वर्गात असा एक मुलगा असतो, त्याच्याकडे घोड्याचा एक पाय तयार असतो.

पायरी चौथी : पहिली नोकरी

(तिसरी पायरी अजून डेव्हलपमेंटमध्ये आहे. पुढच्या अपडेटमध्ये येईल.)

आता मुद्द्यावर येऊ. तुम्ही चार वर्षं गेम बनवायला शिकलात आणि पहिली नोकरी बहुधा दुसऱ्याने बनवलेल्या गेममधल्या चुका शोधायची मिळेल. तिला क्यूए म्हणतात, टेस्टिंग म्हणतात. पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे. युबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला, तेव्हापासून टेस्टिंग तिथल्या कामाचा मोठा भाग राहिला. मोठं काम यायचंच नाही असंही नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' नव्याने करायचं काम कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे असल्याचं सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालं. ट्रेलर आला, जगभरच्या लोकांनी चेहऱ्यांना आणि उजेडाला नावं ठेवली, आणि मे 2022 मध्ये काम कॅनडात मॉन्ट्रियलला गेलं. नावं ठेवणाऱ्यांत आपल्याकडचेही बरेच होते. त्यांतले किती नंतर त्याच कंपनीत अर्ज करायला गेले, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

टेस्टरचं काम म्हणजे दिवसभर गेम खेळणं, अशी घरच्यांची समजूत असते आणि रुजू होईपर्यंत तुमचीही. प्रत्यक्षात एकाच खोलीच्या प्रत्येक भिंतीला अंग घासत चालायचं आणि कुठून आरपार पडतो का ते बघायचं. मग दाराकडे तोंड करून उड्या मारायच्या. मग दाराकडे पाठ करून. गेम चालू असताना कंट्रोलरची वायर उपसायची आणि गेम आपोआप थांबतो का ते पाहायचं. दुसऱ्या दिवशी नवा बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, येतो आणि तीच खोली पुन्हा. आठव्या दिवशी तो गेम जगात कुणालाच आवडू नये असं वाटू लागतं. हे वाटणं म्हणजे आपण कामात मुरलो, असं समजावं.

अमडापूरचा उमेदवार इथे पुणेकराच्या कितीतरी पुढे असतो. चुका दाखवण्याचं शिक्षण त्याला पारावर विनामूल्य मिळालेलं असतं. फक्त ते कागदावर कसं मांडायचं, एवढं शिकायचं राहतं. बग रिपोर्ट लिहिताना शिव्या चालत नाहीत, अंदाज चालत नाही, "नेहमीचंच आहे" चालत नाही. मुलाखतीला जाण्याआधी गावातल्याच एका प्रश्नावर सराव करावा. नमुना :

शीर्षक : रात्री थ्री फेज आल्यावर शेतकरी झोपेत असल्यास हरभऱ्याला पाणी मिळत नाही. बिल्ड : रब्बी. घडवून आणण्याच्या पायऱ्या : संध्याकाळी जेवून शेतात जा; मोटारीजवळ बसा; वीज यायची वाट बघा; वीज येत नाही म्हणून घोंगडी ओढा. अपेक्षित परिणाम : वेळापत्रकात दिलेल्या वेळी वीज यावी. प्रत्यक्ष परिणाम : डोळा लागताच वीज येते, जाग येताच जाते. वारंवारता : दहापैकी दहा वेळा. गांभीर्य : अति. पर्यायी उपाय : ऑटो स्टार्टर बसवणे, मात्र डीपी जळालेली असल्यास तोही चालत नाही, त्यासाठी स्वतंत्र रिपोर्ट पाहावा.

असा रिपोर्ट पाठवला की उत्तर येतं. ही उत्तरंही आधीच ओळखीची करून घ्यावीत, कारण पुढची काही वर्षं तीच वाचायची आहेत. 'ॲज डिझाइन्ड', म्हणजे ते मुद्दामच तसं केलं आहे. 'कॅनॉट रिप्रोड्यूस', म्हणजे साहेब आले तेव्हा वीज होती. 'डुप्लिकेट', म्हणजे हीच तक्रार शेजारच्या उंद्रीवाल्यांनी आधी केली आहे. 'वोन्ट फिक्स', म्हणजे माहीत आहे, पण करणार नाही. ज्याने तलाठी ऑफिसच्या दोन चकरा मारल्या आहेत, त्याला यातलं काही नवीन नाही.

रुजू होताना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते. त्यामुळे कोणत्या गेमवर काम करता हे आईलाही सांगता येत नाही. मुलगा पुण्यात काहीतरी करतो, पगार येतो, पण काय करतो ते सांगत नाही. याचा घरी काय अर्थ लावला जातो, हे ओळखून दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल करावा, मागे ऑफिसची खुर्ची दिसेल असा. गेम बाहेर आला की शेवटच्या नामावलीत तुमचं नाव येतं, म्हणजे यायला हवं. टेस्टरांची नावं पार शेवटाकडे असतात आणि मधेच नोकरी सोडलेल्यांची कधी कधी गळतात. नाव आलंच तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. पत्रिकेसोबत लावायला कामी येतो.

पायरी पाचवी : भविष्याचा अंदाज

जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस, पिकं आणि राजाची गादी यांचं भाकीत होतं, स्टुडिओंच्या भरतीचं होत नाही. तेव्हा बातम्यांवरच भिस्त. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2024 मध्ये गेम विभागातून 1,900 जणांना काढायचं ठरवलं, सोनीने पुढच्या महिन्यात सुमारे 900 जणांना. म्हणजे तुमच्यासोबत अर्ज करणाऱ्यांत दहा वर्षं अनुभवाची माणसंही आहेत.

उलट बाजूला राज्य सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स वगैरेंसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं आहे. त्याचं नाव एव्हीजीसी-एक्सआर. मुदत 2050 पर्यंत, आराखडा 3,268 कोटींचा, रोजगार दोन लाख. हे रोजगार नेमके कधी येतील, असा उतावळा प्रश्न विचारू नये. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आपण चिखलीकर अजून पाहणीच्या बातम्या कात्रण करून ठेवतो. गेमच्या भाषेत याला रोडमॅप म्हणतात. अर्धवट गेमची इतकी लांब अर्ली ॲक्सेस सोसलेला खेळाडू जगात दुसरा सापडणार नाही, आणि 2050 मध्ये तुम्ही पंचेचाळिशी नुकतीच ओलांडलेली असेल.

पायरी सहावी : स्वतःचाच गेम

नोकरी मिळत नसेल तर स्वतःचा गेम काढावा, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांना नोकरी असते. तरी हे अशक्य नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' काढला. 2017 मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, 2020 मध्ये गेम बाहेर आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याचं नामांकन झालं. मधल्या तीन वर्षांबद्दल बक्षीस समारंभात कुणी बोलत नाही, पण उमेदवाराने मुक्काम तिथेच करायचा असतो.

मोबाइलचा गेम असेल तर गूगल प्ले स्टोअरला एकदाच 25 डॉलर भरावे लागतात. पैशाचं एक वेळ जमेल. खरी अट पुढे आहे. वैयक्तिक खातं नवं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान 12 माणसांनी सलग 14 दिवस चाचणीत राहायला हवं. पुण्यातला मुलगा इथे रडकुंडीला येतो, अनोळखी लोकांच्या ग्रुपात हात जोडतो. अमडापुरात 12 माणसं म्हणजे एक चहाची टपरी. मात्र पथ्यं सांभाळावीत. भाऊबंदकीतल्या दोन्ही बाजू एकत्र घेऊ नयेत. एक बाजू नवव्या दिवशी गेम काढून टाकते. गावच्या बल्लाळदेवीला नारळ फोडायचा तर चौदा दिवस झाल्यावर फोडावा. आधी फोडला तर सगळ्यांना वाटतं काम झालं. आजीचा फोन जरूर घ्यावा. ती ॲप काढत नाही, कारण ते कसं काढतात हे तिला माहीत नाही. आणि कुणी "गेम बकवास आहे" म्हणाला तर त्याला विचारावं : कोणत्या पायऱ्यांनी? किती वेळा?

परिशिष्ट : स्थळं

पगार सुरू झाला की बायोडेटा निघतोच. 'व्यवसाय' या रकान्यात मुलांनी 'सॉफ्टवेअर टेस्टिंग, एमएनसी, पुणे' असं लिहावं. सगळं खरं आहे. मुलींनी 'डिझायनर' लिहावं. समोरचे लोक कपडे समजतील, समजू द्यावं; लग्नानंतर त्यांच्या घरी शिलाई मशीन येईल तेवढंच. बघण्याच्या कार्यक्रमात मोठी माणसं "कॉम्प्युटरमध्ये" यावर समाधानी असतात, त्यांची भीती बाळगू नये. सावध राहायचं ते मुलीच्या आठवीतल्या भावापासून. पोहे संपले की तो हळूच तुम्हाला अंगणात नेईल आणि गेममधल्या चलनाबद्दल विचारेल, "भाऊजी, बीजीएमआयची यूसी फुकटात मिळून जाईन का?" नाही म्हणालात तर घरात गेल्यावर तो काय सांगेल याचा भरवसा नाही. "बघतो" म्हणावं. आपण पाठवलेल्या सगळ्या बग रिपोर्टांना वरिष्ठ हेच उत्तर देतात.