मागची सीट आखणाऱ्या महाशयांस

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. कंपनीचं ठाऊक आहे, पण ते लिहीत नाही. तुमच्यासारखी माणसं बऱ्याच कंपन्यांत आहेत आणि एकट्या तुम्हाला धरून बाकीच्यांना मोकळं सोडावं असं मला वाटत नाही. लांबच्या प्रवासासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलींची मागची सीट ज्यांनी ज्यांनी आखली, त्या सगळ्यांनी हे पत्र आपल्याच नावाचं समजावं. नवरा गाडी चालवतो, मी मागे बसते. सह्याद्रीतले घाट आम्ही असेच डबलसीट फिरलो, लडाखही तसंच पाहिलं. गाडीच्या त्या भागाबद्दल बोलायचा माझा अधिकार तुमच्यापेक्षा मोठा आहे, कारण तुम्ही तिथे कधी बसलेला नाहीत. बसला असतात तर ती सीट तशी कारखान्याबाहेर पडलीच नसती.

तिचं वर्णन करते, म्हणजे तुम्हाला तुमचं काम ओळखू येईल. चालवणाऱ्याच्या सीटपेक्षा ती चांगली चार बोटं उंच. मागे निमुळती होत जाते आणि शेवटी माझ्या एका वितीत मावते. अंगठ्याने जोर देऊन दाबलं की फोम संपतो आणि खालचं प्लास्टिक लागतं. आणि उतार आहे पुढच्या बाजूला. पुण्यातल्या सपाट रस्त्यावर हा उतार जाणवत नाही. महाबळेश्वरकडून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरायला लागलं की जाणवतो. ब्रेक लागला की मी पुढे घसरते, माझं हेल्मेट नवऱ्याच्या हेल्मेटवर आपटतं, माझा सगळा भार त्याच्या पाठीवर आणि तिथून त्याच्या मनगटांवर जातो. मी हातांनी रेटून मागे सरकते, बसते न बसते तोच पुढचं वळण येतं आणि पुन्हा तेच. घाट उतरेपर्यंत त्याची मनगटं भरून येतात आणि माझी कंबर. फुटरेस्ट इतक्या वर लावल्या आहेत की गुडघे छातीकडे यायला लागतात आणि तासाभरात मांड्या बधिर होतात. उजव्या टाचेला सायलेन्सरची धग लागत राहते. धरायला मागे कडी दिली आहे, पण सामानाची पेटी बसवली की तिच्यात बोटं शिरत नाहीत. लांबच्या प्रवासाच्या गाडीवर पेटी बसणार, हे तरी तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

हा नुसता माझ्या आरामाचा प्रश्न आहे असं समजून पत्र बाजूला ठेवू नका. तुम्ही मला जिथे बसवलंय ती जागा जवळपास मागच्या चाकाच्या आसावर येते. म्हणजे माझं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर. त्याच्याही मागे पेटी, तिच्यात दोघांचे रेनकोट, गरम कपडे, पंक्चर काढायचं सामान. आसाच्या मागे लटकलेलं हे ओझं गाडीचं पुढचं चाक उचलायला बघतं. सपाटीवर गाडी निमूट सहन करते. मनालीहून लेहला जाताना सर्चूच्या पुढे गाटा लूप्सची २१ वळणं आहेत, एकावर एक रचलेली. तिथे चढावर आधीच भार मागे सरकलेला असतो, त्यात ही रचना. हँडल हलकं पडतं, वळणात गाडी आत वळायच्या ऐवजी बाहेर बाहेर जायला लागते, आणि बाहेरच्या बाजूला कठडा असेलच असं नाही. तुमची सीट चार बोटं पुढे आणि दोन बोटं खाली असती तर त्या वळणांवर नवऱ्याला हँडलशी झगडावं लागलं नसतं. हे गणित तुम्ही कॉलेजात शिकला आहात. मी शिकलेले नाही, तरी मला ते त्या रस्त्यावर कळलं.

मागे माणूस बसतं हे तुम्हाला माहीतच नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. गाडीबरोबर दिलेल्या पुस्तकात टायरमधल्या हवेचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा. मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोघांसाठी किती घट्ट करायची ते लिहिलेलं असतं, त्यासाठी आकड्यासारखा पाना दिलेला असतो. (वाचकहो, घाटाला निघायच्या आधी तो पाना जरूर वापरा. स्प्रिंग सैल राहिली की गाडी मागून बसते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि खड्ड्यात बूड थेट आपटतं.) आणि सगळ्यात मोठा पुरावा तुमच्याच कंपनीच्या जास्तीच्या सामानाच्या यादीत आहे. जाड फोमची ‘टूरिंग सीट’, पाठीला टेकू, खाली घेतलेल्या फुटरेस्ट, सगळं वेगळे पैसे मोजून मिळतं. म्हणजे बसण्याजोगी सीट कशी करायची ते तुम्हाला येतं. ती गाडीवर लावून द्यायची नाही, एवढंच ठरलेलं आहे. काही लाखांची गाडी विकायची, तिच्या नावात टूरिंग लिहायचं आणि टूरिंगची सीट वेगळी विकायची, याला मी लबाडीच म्हणते.

गाडी निवडताना आमच्या घरी बरेच दिवस चर्चा चालली होती. ती तुम्ही ऐकायला हवी होती. नवऱ्याच्या तोंडी अश्वशक्ती. मी विचारत होते, ही ताकद मिळते कधी? २०१६ साली आलेल्या ४११ सीसीच्या हिमालयनची ताकद जेमतेम २४ अश्वशक्ती, पण तिचा ३२ न्यूटन-मीटरचा जोर चार-साडेचार हजार फेऱ्यांतच हाताशी येतो. केटीएमच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरचा २०२० चा अवतार ४३ अश्वशक्तीचा, पण त्यासाठी इंजिन नऊ हजारांपर्यंत न्यावं लागतं. एकट्याने मोकळ्या रस्त्यावर जायचं तर दुसरीत मजा आहे, यात वाद नाही. दोन माणसं आणि सामान घेऊन वळणातून बाहेर पडताना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना, मला खालचा जोर हवा. उंचीवर तर हे आणखी कडक होतं. ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल मोजून देतं, पण हवा कुठून आणणार? कागदावरची ताकद तिथे निम्म्यावर येते आणि माझं वजन मात्र तेवढंच राहतं. चालवणाऱ्याच्या सीटची उंचीही मी मोजायला लावली. हिमालयनची ८०० मिलिमीटर, ३९० ची ८५५. मी चढताना गाडी एका बाजूला झुकते, त्या क्षणी चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट हवेत. टाचा अधांतरी असतील तर दगडगोट्यांच्या रस्त्यावर दोघंही गाडीसकट आडवे होणार. शेवटी आम्ही यांपैकी एकही घेतली नाही, तिसरीच घेतली, आणि तिचं नाव मी सांगणार नाही असं वर म्हटलेलंच आहे.

या सगळ्या चर्चेत मागच्या सीटचा एकही आकडा आम्हाला मिळाला नाही. तुमच्या माहितीपत्रकात चालवणाऱ्याच्या सीटची उंची आहे, टाकीत किती लिटर मावतं ते आहे, जमिनीपासूनचं अंतर आहे. मागच्या सीटची लांबी नाही, रुंदी नाही, सीट आणि फुटरेस्टमधलं अंतर नाही. छायाचित्रांत खिंड आहे, पताका आहेत, बर्फ आहे आणि गाडीवर एकटा पुरुष आहे. शोरूममध्ये टेस्ट राइड मागितली तर गाडी एकट्या नवऱ्याच्या हातात दिली. मी मागे बसते म्हटल्यावर तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, डबलसीट अलाउड नाही.” ज्या गाडीचे निम्मे पैसे माझ्या पगारातून जाणार होते तिच्यावर पाच मिनिटं बसायची मला परवानगी नव्हती. ते ऐकून मी तिथून निघायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण मग जायचं कुठे? पुढच्या शोरूममध्येही तोच नियम होता.

कायद्याचं म्हणाल तर तो तुमच्यापेक्षा माझा जास्त विचार करतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२८ प्रमाणे मागे एकच माणूस बसवता येतं, आणि तेही चालवणाऱ्याच्या मागे घट्ट बसवलेल्या योग्य सीटवर. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं आवरण सक्तीचं करतो, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. तो नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साडी नेसून, ओढणी घेऊन मागे बसलेली बाई होती. तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? कडी, फुटरेस्ट, जाळी, सगळं तुम्ही लावलंत, तपासणीत गाडी पास झाली. ‘योग्य’ किती इंचांचं ते कलमात लिहिलेलं नाही आणि तुम्ही नेमकं तेवढंच वाचलंत.

याला तंत्र कमी पडतं, असं सांगू नका. म्हैसूरला बनायची ती येझदी माझ्या वडिलांकडे होती. कुंभार्ली घाटातून चिपळूणला ते आईला घेऊन जायचे, मधे मी. एकसंध, लांब, सपाट सीट होती तिची. १९९४ पासून रस्त्यावर असलेली स्प्लेंडर बघा. शंभर सीसीची साधी गाडी, तिच्या सीटवर आजही नवरा-बायको आणि मधे भाजीची पिशवी असे गावोगावचे लोक ऐसपैस बसून बाजारहाट करतात. चौपट पैसे घेऊन तुम्ही मला त्याहून कमी जागा दिलीत. कारण काय, तर शेपूट वर उचललेलं असलं की गाडी झेप घेतल्यासारखी दिसते! उभी गाडी कशी दिसते यासाठी चालत्या गाडीवरच्या माणसाचे हाल करायचे, ही तुमची रसिकता. मला तिचा राग येतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

शेवटी आम्ही पुण्यात नाना पेठेत एका सीटवाल्याकडे गेलो. रेक्झिनचे तागे, फोमचे ठोकळे, पायाने चालणारं शिलाईचं मशीन आणि एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल एवढं दुकान. त्याने गाडीकडे पाहिलंही नाही, आधी मला विचारलं, “मागं तुम्ही बसणार का? वजन सांगा ताई. सलग किती तास बसता?” मग म्हणाला, “बसा, पाय ठेवा, आता जरा पुढं सरका.” माझ्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या. चालवणाऱ्याच्या सीटला जिथे पायरी होती तिथला फोम कापून उतार काढून टाकला, मागे दोन्ही अंगांनी रुंदी वाढवली, खाली कडक फोम, वर मऊ. कडक खाली का, असं विचारलं तर म्हणाला, नुसता मऊ घातला की पन्नास किलोमीटरमध्ये दबतो आणि मग फळीवर बसल्यासारखं होतं. संध्याकाळी सीट तयार. त्यानंतर आम्ही ताम्हिणीतून माणगावला उतरलो आणि गप्पा मारत उतरलो. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर मी वळणापलीकडची गाडी त्याला सांगत होते, तो मला खड्डा यायच्या आधी सावध करत होता. मागे बसणारं माणूस नीट बसलेलं असलं की ते रस्ता बघतं, नकाशा बघतं, चालवणाऱ्याचा आवाज जड झाला तर चहाला थांबायला लावतं. घाटात डबलसीट जाण्यात जो आनंद आहे तो हाच आहे, दोघांनी मिळून गाडी नेणं. तुमच्या सीटवर मी फक्त पडू नये म्हणून धडपडत होते.

त्या सीटवाल्याने विचारलेले प्रश्न तुमच्या इमारतीत कोणी कोणाला विचारले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. दोन माणसांची गाडी आखताना दुसऱ्या माणसाला बोलवायचं, एवढंच काम होतं. उंच, बुटकी, साठीची, गुडघे दुखणारी, साडीतली, जीन्समधली, आणि पुरुषही. माझे सासरेही कधीतरी मागे बसतात. त्यांना तर पेटी लावलेल्या तुमच्या गाडीवर पाय टाकताच येत नाही.

आता माझं म्हणणं नीट ऐका. तुमची मूळ सीट मी फेकलेली नाही. दिवाळीनंतर, पावसात खचलेले रस्ते दुरुस्त झाले की, एका रविवारी सकाळी सात वाजता भोरला या. ती सीट आम्ही पुन्हा गाडीवर चढवून आणू, मागे पेटीही लावू, जितकं सामान आम्ही नेतो तितकं भरून. चालवायला माझा नवरा असेल, मागे तुम्ही बसायचं. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने वरंध घाट चढायचा, वाघजाईपाशी भजी खायची आणि महाडपर्यंत उतरायचं. मी दुसऱ्या गाडीवर मागोमाग आहे. येताना मोजपट्टी आणा, महाडला उतरल्यावर कुठे काय मोजायचं ते मी सांगेन.

तुमच्या गाडीची निम्मी मालकीण