चाळीस टक्क्यांची परीक्षा

दहावीला 35 टक्क्यांत सुटता येतं. दिव्यांग लेकराला मात्र 40 लागतात. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण आरक्षणासकट बहुतेक सवलतींचं दार दिव्यांगत्व 40 टक्के भरल्यावरच उघडतं. 39 वाल्याने आणखी मेहनत घ्यावी.

बौद्धिक अक्षमतेचा दाखला तर पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने काढायचा. बुद्ध्यांक वयानुसार बदलू शकतो, हे कबूल. पण डाऊन सिंड्रोममधलं जादाचं गुणसूत्र जन्मभर मुक्काम ठोकून असतं. ते मध्येच गाव सोडून गेलं का, याची सरकारला उगाच हुरहूर.

खरी मजा दाखल्याच्या तपासणीच्या दिवशी. रांग जिन्यापर्यंत, आणि ज्याला गोंगाट सोसत नाही ते पोर त्याच गोंगाटात तासन्‌तास. आईने वर्षभर घसा कोरडा करून त्याला स्वतःचं नाव सांगायला शिकवलेलं. आज डॉक्टरांपुढे ते खणखणीत सांगितलं तर टक्के घसरायची धास्ती! म्हणून ती जिन्यातच कानाशी लागते, "सोन्या, आत गेल्यावर गप्प बस हं."

सोन्या आत जातो आणि डॉक्टरांच्या अख्ख्या मंडळाला नाव सांगतो. वर बाबांचंही.